कोरीगड: अर्धा तास पायऱ्या, मग तटावरची फेरी

‘मला एकदा ट्रेकला ने ना’ असं म्हणणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कुठे न्यायचं, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे. राजगड नाही, हरिश्चंद्रगड तर नाहीच. कोरीगड. लोणावळ्याच्या दक्षिणेला, आंबवणे गावाच्या रस्त्यावर. उंची सुमारे तीन हजार फूट, पण पायथ्याचं पेठ शहापूर हे गावच घाटमाथ्यावर वसलेलं असल्यामुळे प्रत्यक्ष चढ फार थोडा राहतो. बांधलेल्या पायऱ्या आहेत, वाट चुकायची सोय नाही, आणि वर पोचल्यावर चारही दिशांना डोळ्यांना अडवणारं काही नाही.

तरीही इथे जाऊन आलेली निम्मी मंडळी ‘ठीक होता, छोटासाच आहे’ म्हणतात. कारण ती पायऱ्या चढतात, तळ्यापाशी फोटो काढतात, देवीला नमस्कार करून उतरतात. कोरीगडाची खरी मजा तटात आहे. गडाच्या कडेनं जवळजवळ अखंड तटबंदी उभी आहे आणि तिच्या कडेकडेनं गडाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. चढायला अर्धा-पाऊण तास, फिरायला सव्वा-दीड तास. हा हिशेब आधीच डोक्यात ठेवलात, तर पुढचं सगळं सोपं आहे.

आधी महिना ठरवा

पावसाळ्यात जायचं की नाही, यावर माझं मत अनेकांना पटत नाही. दृश्य बघायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. मी स्वतः पहिल्यांदा गेलो तो जुलैतच. आम्ही तिघं होतो. वर पोचलो तेव्हा दहा पावलांवरचा मित्र दिसत नव्हता, नुसता त्याच्या रेनकोटचा सळसळ आवाज येत होता. तटाकडे जातोय असं समजून आम्ही एका तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत आमचंच बिस्किटाचं रिकामं पाकीट वाटेत पडलेलं सापडलं (उचललं, लाज वाटली) आणि मग उलगडा झाला. उतरताना शेवाळलेल्या पायरीवर पाय सटकला नि मी चार पायऱ्या बसूनच उतरलो. ढगात भिजण्याचं सुख वेगळं, मला ते मान्य आहे. पण त्यासाठी गड चढायलाच पाहिजे असं नाही.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबर हा माझा लाडका काळ. पाऊस ओसरलेला, तळी भरलेली, पठारावर सोनकीचा पिवळा गालिचा, कडेकडेनं तेरड्याचा गुलाबी रंग, आणि हवा धुऊन निघालेली. पावसानं बसलेली धूळ अजून उडायला लागलेली नसते, त्यामुळे लांबचे डोंगर कापून ठेवल्यासारखे स्पष्ट दिसतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी छान, चालायला सगळ्यात सोपा काळ, पण कोकणाच्या बाजूला सकाळी धुरकं असतं. मार्चनंतर गवत वाळतं आणि वर सावली अशी जवळपास नाहीच. मे महिन्यात जायचंच असेल तर सकाळी दहापर्यंत गड उतरलेला असला पाहिजे.

पावसाळ्यात गेलातच, तर निघण्याआधी पुणे जिल्हा प्रशासनाचे त्या आठवड्याचे मनाई आदेश काय आहेत ते बातम्यांत बघून घ्या. जून २०२४ मध्ये भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तुमचा रस्ता त्याच भुशी धरणावरून जातो. वाटेत धबधबा दिसला म्हणून ‘दोनच मिनिटं’ थांबणं, हा या सहलीतला सगळ्यात धोक्याचा भाग आहे, गड नव्हे.

लोणावळ्यापासून पेठ शहापूर

पुण्याहून येणाऱ्यांनी सकाळची पहिली-दुसरी लोकल पकडावी. मुंबईकरांना लोणावळ्याला थांबणाऱ्या सकाळच्या एक्सप्रेस आहेतच. लोणावळ्यापासून गाव वीस-बावीस किलोमीटर. भुशी धरण, आयएनएस शिवाजी, लायन्स पॉइंट मागे टाकत रस्ता पुढे आंबवण्याकडे आणि ॲम्बी व्हॅलीकडे जातो, त्यावरच पेठ शहापूर लागतं.

एसटीच्या गाड्या मोजक्या आहेत. लोणावळ्याच्या बसस्थानकात उतरल्या उतरल्या खिडकीवर दोन प्रश्न विचारायचे: आता जाणारी गाडी कधी, आणि संध्याकाळी परत येणारी शेवटची कधी. दुसरा प्रश्न नवखे हमखास विसरतात. वाहकाला ‘पेठ शहापूरला उतरवा’ एवढं सांगितलं की पुरे, पाठीवर सॅक बघूनच त्याला कळतं. चार-पाच जण असाल तर स्टेशनबाहेरून जीप किंवा रिक्षा ठरवा, पण भाडं जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून आधीच बोलून घ्या. गावातून परतीला रिकामी गाडी मिळेल या भरवशावर राहू नका.

स्वतःची गाडी असेल तर एकच गोष्ट: शनिवार-रविवारी आठच्या आत भुशी ओलांडा. पावसाळ्यातल्या रविवारी दहा वाजता त्या रस्त्यावर अडकलात, तर गड तुम्हाला गाडीच्या काचेतूनच बघावा लागेल. गावात गाडी लावायला जागा आहे, सुटे पैसे जवळ असू द्या. कुणाच्या अंगणात, खळ्यात किंवा शेताच्या तोंडाशी गाडी घुसवू नका. बैलगाडीची वाट अडवून ठेवणारी शहरी गाडी मी तिथे स्वतः पाहिली आहे आणि त्या शेतकऱ्याचे शब्दही ऐकले आहेत. ते इथे लिहिता येणार नाहीत.

पाठीवर काय, पायात काय

माणशी दोन लिटर पाणी. वर तळी आहेत, पण त्यांतलं पाणी प्यायचं नाही. खायला गूळपोळी, दशम्या, चटणी-पोळी, शेंगदाण्याचे लाडू, काकडी, काहीही, फक्त खळखळ वाजणारी पाकिटं नकोत. ती वाऱ्यानं उडतात आणि कड्यावरून खाली जातात. टोपी हवीच. थंडीतही वर वारा जोराचा असतो, म्हणून एक पातळ जाकीट. तीव्र वासाची अत्तरं फवारून येऊ नका आणि वर धूर करू नका. कड्याकपारीत आग्यामोहोळं असू शकतात, आणि त्यांना उठवलं की पळायला तटाच्या आत जागाच किती!

बुटांच्या तळाला खोल खाचा असाव्यात, एवढंच. महागडे नकोत. पण जिममधले गुळगुळीत तळाचे बूट ओल्या दगडावर बर्फावर चालल्यासारखे घसरतात. नवे कोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत, आदल्या आठवड्यात ते घालून बाजाराच्या दोन फेऱ्या करा.

गावातून पायऱ्यांपर्यंत

गावातून निघालेली मातीची रुंद वाट गडाच्या पायथ्याशी जाते. ही पंधरा-वीस मिनिटांची चाल जवळजवळ सपाट आणि झाडीतून आहे. इथे वेग वाढवायचा मोह होतो. तो आवरा. अंग तापवायला ही वाट आहे असं समजा. पायऱ्या सुरू होण्याआधी श्वास लागलेला असेल, तर वर पायऱ्या तुमचा सूड घेतील.

गावातच, नाहीतर वाटेवर एखाद्या झाडाखाली सरबत-ताकाचा ठेला असतो. तिथल्या मावशींना उतरताना जेवायचं आहे हे आत्ताच सांगून ठेवायचं. म्हणजे तुम्ही वर असेपर्यंत पिठलं होतं आणि भाकरी गरम मिळते. आयत्या वेळी सांगितलंत तर मॅगी आहेच, पण त्यासाठी एवढ्या लांब यायचं कारण नव्हतं.

पायऱ्या

पाचशे-सहाशेच्या घरात असतील. माझ्या आईनं बासष्टाव्या वर्षी, गुडघ्यांची कुरकुर सांभाळत, त्या मोठ्यानं मोजत चढायला घेतल्या होत्या. दोनशे सत्तेचाळीसपर्यंत आली आणि समोरच्या फांदीवरून एका वानरानं तिच्या हातातल्या केळ्याकडे असं काही बघितलं, की आकडा गेला आणि केळंही गेलं. तिला वर पोचायला एक तास लागला. मुद्दाम सांगतोय, कारण ‘अर्धा तास’ वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांना कुणी पळवायला नको. तीस-चाळीस पायऱ्या, मग उभ्या उभ्या दहा श्वास, पुन्हा तीस-चाळीस, हीच चाल ठेवायची. दर वेळी खाली बसलं की उठताना पाय जड होतात, म्हणून बसायचं ते अर्ध्या वाटेवर एकदाच.

ती बसायची जागाही आयतीच आहे. साधारण मध्यावर कातळात खोदलेल्या गुहा आणि गणपतीचं छोटंसं देऊळ लागतं. सावली आहे, वारा आहे. इथे पाणी प्या, तहान लागलेली नसली तरी प्या. गुहेच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्यांची एक मोठी परंपरा आहे, तीत भर घालू नका.

गुहेनंतरचा टप्पा थोडा उभा आहे. पायऱ्या ओल्या असतील तर भिंतीकडच्या बाजूनं चाला आणि पाऊल पायरीच्या कडेवर न टाकता आतल्या बाजूला टाका. एक-दोन वळणं घेतली की गणेश दरवाजा समोर येतो. त्याच्या बाजूचे बुरूज असे बांधलेत की शेवटच्या वळणापर्यंत दरवाजा दिसू नये आणि चढून येणारा मात्र वरच्याला सतत दिसत राहावा. धापा टाकत तिथे उभं राहिलं की या बांधणीचा अर्थ आपोआप कळतो.

वर आल्यावर: आधी डावीउजवी ठरवू नका, आधी तट गाठा

दरवाज्यातून आत आलात की एकदम सपाट मोकळं पठार. बहुतेकांचे पाय सरळ तळ्यांकडे वळतात. दोन मोठी तळी आहेत, सुंदर आहेत, ती पळून जात नाहीत. आधी जवळच्या बाजूनं तटावर या आणि तट धरूनच चालायला लागा. घेर साधारण दीड-दोन किलोमीटरचा आहे.

चालताना दोन नियम. पहिला, तटाच्या माथ्यावरून कसरत करत चालायचं नाही. आतल्या बाजूनं, तटाला लागून पायवाट आहे, ती सोडायची नाही. काही ठिकाणी दगड निखळलेत आणि बाहेरच्या अंगाला सरळ कडा आहे. वारा सुटलेला असेल तर छत्री उघडू नका. दुसरा, फोटो काढताना मागे सरकायचं नाही. फोटो काढणारा पुढे येईल, फोटोतला माणूस जागचा हलणार नाही, हे गटात आधीच ठरवून टाका.

आता दृश्य. नवख्या माणसाला वरून ‘डोंगर’ दिसतात. थोडी ओळख असली की त्या डोंगरांना चेहरे येतात, म्हणून एवढं लक्षात ठेवून जा.

पूर्वेकडच्या तटावर उभे राहा. समोर जो एकटाच टोकदार शंकू उभा आहे, तो तुंग. कोरीगडावरून तुंगची जेवढी सुबक आकृती दिसते तेवढी क्वचितच कुठून दिसत असेल. सकाळी सूर्य त्याच्या मागून येतो, त्यामुळे आठ-साडेआठला तो नुसता काळा सुळका असतो. त्याच्या कड्यांच्या रेषा बघायच्या असतील तर दुपार कलल्यावर बघा. तुंगच्या मागे, थोडा उजवीकडे, त्रिकोणी माथ्याचा तिकोना. डावीकडे, ईशान्येला, आडवी लांब पसरलेली जोडगोळी म्हणजे लोहगड आणि विसापूर. अलीकडे जवळचा मोरगिरी.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि कोरीगड हे किल्ले एकत्रच स्वराज्यात आणले. तटावर उभं राहून बघितलं की ते असं एकत्र का घेतले, ते नकाशाशिवाय समजतं. एकावरून दुसरा दिसतो, आणि मधल्या सगळ्या वाटा या पाचांच्या नजरेखाली आहेत. कोकणातून वर येणाऱ्या घाटवाटांवर लक्ष ठेवायला याहून चांगली माळ ओवता आली नसती. हा मुलूख कोरबारसे मावळ म्हणून ओळखला जायचा. कोरीगडाला कुवारीगड असंही म्हणतात आणि गावाच्या नावावरून शहागडही.

उत्तरेकडे वळा. हवा स्वच्छ असेल तर खंडाळ्याच्या बाजूला नागफणीचं टोक दिसतं. इथे आई एकदम थांबली होती. ‘म्हणजे घाटातून गाडीनं जाताना आपण ज्याच्याकडे मान वर करून बघतो, तो हाच?’ तोच. आयुष्यभर खालून बघितलेला डोंगर तिला पहिल्यांदा समोरासमोर दिसत होता. वायव्येला नजर लांब गेली तर माथेरानचं सपाट पठार, प्रबळगड, आणि ऑक्टोबरसारखी हवा असेल तर कर्नाळ्याचा अंगठाही. हे सगळं दिसेलच असं नाही. दुर्बीण असेल तर आणा, मुलांना पंधरा मिनिटं एका जागी बसवायला तिच्यासारखं साधन नाही.

दक्षिणेचा तट सगळ्यात रुंद आणि बसायला सगळ्यात चांगला. खाली थेट ॲम्बी व्हॅलीची वसाहत पसरलेली आहे: आखीव रस्ते, बांधीव तलाव, छोटीशी धावपट्टी. कुणाला ते दृश्य आवडतं, कुणाला खुपतं. मला स्वतःला जरा विचित्रच वाटतं, पायाखाली जुनी काळी तटबंदी आणि कड्याखाली एकदम परदेशी पोस्टकार्ड. नजर तिथून उचलून थोडी पुढे न्या. दक्षिणेला क्षितिजाजवळ तैलबैलाच्या दोन उभ्या भिंती सापडतात का बघा. भाकरी-चटणी सोडायची ती इथेच, पण वाऱ्याला पाठ करून.

तोफा, देऊळ, तळी

फेरी पुरी होत आली की कोराईदेवीच्या देवळाकडे वळा. हातात शस्त्रं घेतलेली देवीची मूर्ती आहे, समोर दीपमाळ. गडावर विखुरलेल्या तोफांपैकी सगळ्यात मोठी, लक्ष्मी तोफ, देवळाच्या जवळच आहे. तिच्यावर बसून फोटो काढू नका एवढं म्हणतो. सकाळी तिच्या लोखंडावर हात ठेवलात तर दंव लागतं, दुपारी तोच हात चटकन मागे येतो.

गडावर वाडे, कोठ्या यांची नुसती जोती का उरलीत, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रजी फौजेनं गडाला वेढा घातला. गड दाद देत नव्हता, पण तोफेच्या माऱ्यात दारूकोठाराचा स्फोट झाला आणि त्यानंतर तो पडला. त्या वेळी देवीचे दागिने इंग्रजांच्या हाती लागले आणि ते पुढे मुंबईच्या मुंबादेवीला दिले गेले, असं सांगतात. गावात कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही हकिकत जास्त रंगवून ऐकायला मिळेल.

तळ्यांत उतरायचं नाही. काठ उथळ वाटतो, पण तळाशी गाळ आहे, आणि वर मदतीला कुणी नाही. काठावर बसून पाय सैल करायचे तेवढे करा.

उतरताना

नवख्यांना वाटतं, कठीण ते चढणं. गुडघ्यांचं आणि घसरण्याचं बहुतेक सगळं उतरतानाच होतं. पायऱ्या तिरपं पाऊल टाकत उतरा, हात मोकळे ठेवा, मोबाईल खिशात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गावातूनच एखादी काठी मागून आणावी, लोक आनंदानं देतात. ती परत करा. कुणाचा पाय मुरगळलाच तर बूट काढू नका, घट्टच राहू द्या. मोबाईलची रेंज दरवाज्याजवळ किंवा गावात शोधा. अडीअडचणीला ११२ हा क्रमांक आहे, पण पहिली मदत गावातलीच माणसं करतात.

गावातून निघून गावात परत, जेवण धरून, चार-साडेचार तास पुरतात. सकाळी सातला पायऱ्या चढायला लागलात तर साडेदहा-अकराला पिठल्यासमोर बसलेले असाल. भाकरी मोडताना मावशींनी ‘तटानं फिरलात का, का देवीवरनंच आलात?’ असं विचारलं, तर खरं सांगा. तटानं फिरलो म्हटलं की पुढचं ताक त्या न मागता ओततात. आमच्या वेळी दोनदा ओतलं. आईनं तिसऱ्यांदा मागूनही घेतलं, आणि त्या नादात एसटी चुकली. पुढची अडीच तासांनी होती.